कर्नलचा हिशेब

आमच्या चाळीतल्या जुन्या मित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, आम्ही डोंबिवली-बदलापूर-विरारला पांगलो, पण ग्रुपवर सगळे अजून त्याच गॅलरीत उभे असल्यासारखे भांडतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुणीतरी टूम काढली, की भारताची सर्वकालीन टेस्ट टीम निवडायची. सलामीला गावसकर, याबद्दल लालबाग-परळात वाढलेल्या माणसांत वाद होणं शक्य नव्हतं. तिसऱ्या नंबरावर द्रविड. तेही झालं. मी लिहिलं, “आणि वेंगसरकर?”

उत्तरादाखल तीन-चार हसरे चेहरे आले. मग एकाने लिहिलं, “चांगला होता रे. पण ग्रेट?”

मला राग आला. वेंगसरकर माझा. म्हणजे आमच्या घरातला. खरं तर दादाचा, आणि दादाचा म्हणून माझा. १९७५ च्या इराणी सामन्यात नागपूरला त्याने बेदी आणि प्रसन्नाला धोपटून शतक काढलं. तेव्हा कुणाला तरी कर्नल सी. के. नायडू आठवले आणि या एकोणीस वर्षांच्या दादरच्या पोराला ‘कर्नल’ हे नाव चिकटलं. आमच्या घरात त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाकच मारली नाही. आई पण विचारायची, “कर्नल आहे का अजून?”

तेव्हा मी ठरवलं की हे नीट सिद्ध करायचं. लॉकडाऊनमध्ये वेळ भरपूर होता, स्कोअरकार्डं सगळी फोनवर मिळतात, आणि हिशेब तपासण्यातच माझी नोकरी गेली आहे. दोन रात्रींत मी या हसणाऱ्यांची तोंडं बंद करणार होतो.

सुरुवात झकास झाली. ११६ टेस्ट, ६८६८ धावा, १७ शतकं, सरासरी ४२.१३. आजच्या काळात ४२ फार वाटत नाही, पण त्या काळात हेल्मेट नवं होतं, खेळपट्ट्या झाकायच्या की नाही यावर अजून मतभेद होते, आणि समोर वेस्ट इंडिजचे चार-चार दांडगे असायचे. शिवाय लॉर्ड्स. वेंगसरकरचं नाव निघालं की लॉर्ड्स येतंच, आणि यायलाच हवं. १९७९ मध्ये भारत पहिल्या डावात ९६ धावांत गुंडाळला गेला होता, तो स्वतः शून्यावर गेला होता. दुसऱ्या डावात त्याने १०३ केल्या, विश्वनाथने ११३, आणि मॅच वाचली. १९८२ मध्ये १५७. १९८६ मध्ये नाबाद १२६, आणि ती टेस्ट आपण जिंकलो. लॉर्ड्सवरचा आपला पहिला टेस्ट विजय. क्रिकेटच्या पंढरीत सलग तीन वाऱ्यांत तीन शतकं. तिथे इतकी शतकं त्याच्याआधी कुठल्याच परदेशी फलंदाजाने केली नव्हती. गावसकरचं तिथे टेस्टमध्ये एकही नाही. पुढे तेंडुलकरलाही जमलं नाही. १९९० मध्ये, उतरणीला लागलेला असतानाही, त्याने तिथे अर्धशतक काढलंच. एकूण चार टेस्ट, ५०८ धावा, सरासरी ७२.५७.

मी हे सगळं ग्रुपवर टाकायला टाइप करत होतो. आणि १९८६ च्या लीड्सचंही. ती खरी त्याची खेळी, असं मला वाटतं. लॉर्ड्सच्या पुढचीच टेस्ट. ढगाळ हवा, चेंडू वाटेल तसा वळतोय, उसळतोय. इंग्लंडचा अख्खा संघ पहिल्या डावात १०२ धावांत बाद. आणि आपल्या दुसऱ्या डावात वेंगसरकर एकटा नाबाद १०२. पहिल्या डावात ६१ होत्याच. त्या टेस्टमध्ये दुसऱ्या कुणाचं शतक नाही. उंच, ताठ उभा राहायचा तो. पाय पुढे टाकून चेंडूवर असा काही वाकायचा की जणू चेंडूला जवळून बघूनच सोडणार आहे. त्याच्या ऑनड्राइव्हमध्ये ताकद दिसायचीच नाही. बॅट चेंडूला नुसती वाट दाखवायची. जून १९८६ ते १९८७ अखेर, या दीड वर्षात त्याने आठ शतकं केली. क्रमवारी नावाचा प्रकार तेव्हा नुकताच आला होता आणि तिच्यात तो जगात पहिला होता. जगात पहिला! रिचर्ड्स, बॉर्डर, मियाँदाद खेळत असताना.

इथे मी थांबायला हवं होतं. पण हिशेबनिसाला एक वाईट खोड असते. बेरीज हवी तशी जुळली की तो खूश होत नाही, त्याला संशय येतो. मी १७ शतकं एका कागदावर लिहून काढली, आणि प्रत्येकापुढे गाव लिहिलं.

कोलकाता. दिल्ली. बंगळूर. दिल्ली. दिल्ली. मुंबई. कानपूर. मुंबई. नागपूर. कटक. अहमदाबाद. दिल्ली. कोलकाता. ही झाली तेरा. उरलेली चार: लॉर्ड्स, लॉर्ड्स, लॉर्ड्स, लीड्स.

बस. ऑस्ट्रेलियात एकही नाही. वेस्ट इंडिजमध्ये नाही. १९८३ मध्ये अँटिगाला ९४ पर्यंत जाऊन अडकला. पाकिस्तानात नाही, न्यूझीलंडमध्ये नाही. सोळा वर्षं खेळलेल्या माणसाची परदेशातली सगळी शतकं एका देशात, त्यातली तीन एका मैदानावर. मायदेशात सरासरी ५५ च्या आसपास, बाहेर ३३ च्या आसपास. रात्री दीड वाजता मी त्या कागदाकडे बघत बसलो. बायको म्हणाली, “झोपा आता, कुणाचं कर्ज फेडायचंय का?”

मी दुसऱ्यांचे कागद काढले. आपला माणूस कमी भरला की दुसऱ्याचंही वजन करून बघावंसं वाटतं. विश्वनाथ: सरासरी ४१.९३, म्हणजे वेंगसरकरपेक्षा किंचित कमीच. त्याचीही परदेशात चारच शतकं. मला बरं वाटलं. मग गावं बघितली. पोर्ट ऑफ स्पेन, फैसलाबाद, लॉर्ड्स, मेलबर्न. चार देश. पोर्ट ऑफ स्पेनचं १९७६ मधलं, आपण चौथ्या डावात ४०० च्या वर धावा करून जिंकलो तेव्हाचं. मेलबर्नचं १९८१ मधलं, ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळलं त्या टेस्टमधलं. मोहिंदर अमरनाथ: ११ शतकं, त्यांतली नऊ परदेशात. याला तर आपण सतत संघाबाहेर काढत होतो! गावसकर ३४ पैकी १८. द्रविड ३६ पैकी २१.

बचाव नाही असं नाही. मी माझ्या माणसाचा वकील होतो, बचाव शोधला. पहिला बचाव असा की, मायदेश म्हणजे नेहमी मऊ गादी नव्हे. वेंगसरकरची वेस्ट इंडिजविरुद्ध सहा शतकं आहेत, सगळी भारतात. १९७८ च्या मोसमातली दोन सोडून देऊ, कारण तेव्हा त्यांचे मोठे खेळाडू पॅकरकडे गेले होते. पण १९८३ ची दोन? समोर मार्शल आणि होल्डिंग. दिल्लीला त्याने १५९ काढल्या, त्याच डावात गावसकरने आपलं २९ वं शतक काढलं, म्हणून सगळ्या पेपरांत गावसकर झळकला आणि याच्या १५९ कोपऱ्यात गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये वर्ल्डकपला ओव्हलवर मार्शलचा चेंडू तोंडावर लागून तो जखमी झाला होता आणि लॉर्ड्सची फायनल त्याने बाहेर बसून बघितली होती. लॉर्ड्सची! त्याच मार्शलसमोर चार महिन्यांत १५९ आणि मग मुंबईत १००.

आणि १९८७ चं दिल्ली. वर्ल्डकपची सेमीफायनल आपण हरलो होतो, कपिलकडून कप्तानी काढून याच्याकडे दिली होती. कप्तान म्हणून पहिली टेस्ट, पहिल्याच दिवशी अख्खा भारत ७५. पॅटरसनने पाच घेतल्या. दुसऱ्या डावात नव्या कप्तानाने १०२ काढल्या. शेवटी रिचर्ड्सने चौथ्या डावात शतक ठोकून मॅच नेली, तो भाग वेगळा. पण घरच्या मैदानावर ७५ ला ऑल आउट होतं तिथे ‘घरचं शतक’ म्हणून नाक मुरडणाऱ्याने पॅटरसनला एकदा तरी समोरून बघायला हवं.

दुसऱ्या बाजूचा वकीलही मीच. १९८६ च्या इंग्लंडची गोलंदाजी काही १९८३ च्या वेस्ट इंडिजची नव्हती. बोथम त्या मालिकेत खेळलाच नाही. आठांपैकी दोन शतकं श्रीलंकेविरुद्धची, तेव्हाची श्रीलंका. वकिलीचा हा धंदा दोन्ही बाजूंनी केला की झोप लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला.

दादाबद्दल थोडं सांगायला हवं. १९८२ मध्ये मी अकरा वर्षांचा होतो आणि दादा एकोणीस. त्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. बाबा साचेखात्यात. पहिले दोन-तीन महिने लोक ‘आज मिटेल, उद्या मिटेल’ म्हणत होते. मग काही जण गावी गेले. जूनपर्यंत आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलपं होती. दादा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि एका लहानशा क्लबकडून कांगा लीग खेळायचा. तिसऱ्या नंबरावर. पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, जिथे चेंडू एकदा गुडघ्याला लागतो आणि पुढचा कानावरून जातो, तिथे तिसऱ्या नंबरावर. घरात क्रिकेट आणणारा तो. आईने निळीत बुचकळलेले त्याचे पांढरे कपडे गॅलरीतल्या दोरीवर वाळायचे आणि ते मला फार मोठे वाटायचे.

त्या जूनमध्ये लॉर्ड्सची टेस्ट होती. इंग्लंड ४३३, आपण १२८. फॉलोऑन, ३०५ धावा मागे. मॅच गेलेलीच होती. घरातला रेडिओ तेवढा अजून विकला नव्हता. खरखरीतून मधूनमधून स्कोअर कळायचा. वेंगसरकर खेळतोय. गडी जातायत, वेंगसरकर खेळतोय. बाबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, पण स्कोअर सांगितला की विचारायचे, “किती झाल्या त्याच्या?” १५७ झाल्या. कपिलने मागून ८९ फटकावल्या. इंग्लंडला जिंकायला ६५ हव्या होत्या, त्या त्यांनी केल्या. आपण सात गड्यांनी हरलो.

जुलैमध्ये दादाने क्लबला कळवलं की येणार नाही. लोहार चाळीत एका इलेक्ट्रिकच्या दुकानात लागला. बिलं करायची, माल मोजायचा. कॉलेजही सुटलं. याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. त्याची बॅट माळ्यावर होती, ती पुढे मी वापरली आणि मोडली.

फोनवर मी त्याला माझा कागद वाचून दाखवला. तेरा गावं, मग चार. ५५ आणि ३३. विश्वनाथ, मोहिंदर. तो ऐकत होता. मग म्हणाला, “आणि लॉर्ड्सच्या १५७ चं काय केलंस?”

“त्या आहेतच धरलेल्या. पण दादा, ती मॅच आपण हरलो. गेलेल्या मॅचमधल्या धावांना तसा...”

“तसा काय?”

“तसा भाव कमी असतो. तू मॅच वाचवली नाहीस, जिंकली नाहीस.”

तो काही क्षण गप्प राहिला. “मॅच गेलीय हे माहीत असताना पाच-सहा तास उभं राहायला काय लागतं, ते तुझ्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहितात?” तो रागावून बोलला नाही. दुकानात स्टॉक मोजताना बोलत असेल तसं बोलला. मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, “रकाना नाही तसला.”

“मग ठेव.”

पण मला ते पटलेलं नव्हतं आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. उभं राहणं हा गुण आहे, मोठा गुण आहे, पण तो एकट्याने माणसाला ग्रेट करत नाही. तसं असतं तर गिरणगावातल्या अर्ध्या घरांत पुतळे उभारावे लागले असते. आपल्याकडे हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. निवृत्त झाला की महान, वारला की थोर, वाढदिवस आला की दिग्गज. मग खरोखरीच्या मोठ्यांसाठी शब्द उरत नाही. मला वेंगसरकरसाठी तो शब्द हवा होता, पण उसना नको होता.

आणि एक गोष्ट दादा विसरत होता, किंवा मुद्दाम बोलत नव्हता. १९७९ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात ३९० हव्या होत्या. वेंगसरकर नाबाद १४६ आणि भारत ६ बाद ३६४. मॅच अनिर्णित, २६ कमी. आधी थोडा वेग वाढवला असता तर, हा वाद मुंबईच्या मैदानांवर पुढे कितीतरी वर्षं चालला. ग्रेट खेळाडूने ती मॅच काढली असती का? रिचर्ड्सने काढली असती, याबद्दल मला शंका नाही.

वानखेडेवर मात्र त्याने वेग वाढवला. ७ मे १९९१, रणजी फायनलचा शेवटचा दिवस, समोर कपिलची हरियाणा. मुंबईला ३५५ हव्या. दादाने दुकानातून रजा काढली आणि मला घेऊन गेला. सकाळी स्टेडियम अर्धं रिकामं होतं. तीन गडी चाळिशीच्या आत गेले. मग अठरा वर्षांच्या तेंडुलकरने जे काही केलं ते बघायला दुपारपर्यंत चर्चगेटच्या ऑफिसांतून माणसं टाय सैल करून येऊ लागली. तो ९६ वर गेला. त्यानंतर उरला कर्नल. नऊ बाद ३०५, पन्नास हव्या, आणि खेळायला आला कुरुविला, शेवटचा माणूस. वेंगसरकरच्या पायांत गोळे आलेले, धावायला रनर. आणि हा माणूस, ज्याच्यावर बारा वर्षांपूर्वी सावध खेळल्याचा ठपका होता, उभ्या उभ्या षटकार मारत होता. ४७ जोडल्या. मग कुरुविला धावचीत. ३५२. दोन धावांनी हरलो. वेंगसरकर नाबाद १३९.

तो मैदानावरच रडला. पस्तीस वर्षांचा, शंभराहून जास्त टेस्ट खेळलेला माणूस, रणजी मॅचसाठी. सगळ्या स्टेडियमने बघितलं. मी दादाकडे बघितलं तर तो दुसरीकडे बघत होता, मरिन लाइन्सच्या बाजूला, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. गाडीत आम्ही दोघंही बोललो नाही. लोअर परळला गाडी थांबली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मॅच जाते. तो नाही गेला.”

आठ-नऊ महिन्यांनी पर्थला तो शेवटची टेस्ट खेळला आणि संपला. निरोप वगैरे काही झाला नाही.

तर माझा निकाल. मी तो ग्रुपवर लिहिला नाही, इथे लिहितो. दिलीप वेंगसरकर ग्रेट नव्हता. दीड वर्ष तो जगातला सर्वोत्तम फलंदाज होता आणि एका मैदानावर आयुष्यभर ग्रेट होता. पण ज्याला ग्रेट म्हणायचं त्याने आपला खेळ सगळीकडे सोबत न्यावा लागतो, पर्थला, ब्रिजटाऊनला, कराचीला. त्याचा खेळ सगळीकडे गेला नाही. विश्वनाथ त्याच्या वर. मोहिंदरबद्दल मी अजून चाचपडतोय, बहुधा तोही किंचित वर, निदान परदेशात. हे लिहिताना मला कुणाचा तरी विश्वासघात केल्यासारखं वाटतंय, आणि तो वेंगसरकरचा नाही हे मला ठाऊक आहे. वेंगसरकरला माझ्या मताने काय फरक पडतो?

ग्रुपवर त्या आठवड्याच्या शेवटी टीम पक्की झाली. द्रविड तीन. वेंगसरकर बारावा खेळाडू, तेही माझी समजूत काढायला. मी दादाला ती यादी पाठवली. तो ग्रुपवर नाही. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर भांडायला आवडत नाही. रात्री त्याचा फोन आला.

“यादी बघितली. ठीक आहे.”

“ठीक आहे?”

“हो. द्रविड बरोबरच आहे.” मग थोडा थांबून, “पण मॅच कुठं आहे ते विचारलंस का?”

“कुठं म्हणजे?”

“लॉर्ड्सला असली तर परत बसा आणि नीट निवडा,” म्हणाला, आणि आईच्या गोळ्या संपल्या आहेत, रविवारी येताना घेऊन ये, म्हणून सांगितलं.